उसाचे वजन काट्यावर, आपले वजन कशावर?



या पानावर आम्ही एरवी लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, हुमणी आणि पाचट यांविषयी लिहीत असतो. या खेपेस विषय जरा वेगळा घेतला आहे. आपल्या स्वतःच्या अंगाचे वजन आटोक्यात ठेवणे, आणि त्यासाठी मोबाईलवर जी 'डिजिटल मार्गदर्शक' म्हणून साधने निघाली आहेत त्यांचा शहाणपणाने उपयोग कसा करावा, हा तो विषय. शेतकी खात्याच्या माणसाने यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. आम्हीही प्रथम तसेच म्हणालो होतो.

कारण घडले ते असे. मागील गळीत हंगामात आमच्या एका गटातील सभासदाच्या उसाची तोड झाली. पन्नाशीच्या आतबाहेरचे, कष्टाळू, एकरी टनेज नेहमी चांगले काढणारे गृहस्थ. खोडव्याचे बुडखे छाटून घेताना त्यांच्या उजव्या पायात बुडख्याची खोच गेली. लागली ती त्यांना कळलीच नाही. तीन-चार दिवसांनी सुनेने चपलेला लागलेले रक्त पाहिले, तेव्हा जखम चिघळलेली होती. दवाखान्यात रिकाम्या पोटीची साखर निघाली २८० च्या घरात. मधुमेह पाच-सहा वर्षे तरी अंगात मुरलेला असावा, त्याने पायाच्या नसा बधिर झाल्या आणि म्हणून खोच जाणवली नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. दोन बोटे काढावी लागली. वजन भरले ९४ किलो. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, मातीची तपासणी दर तीन वर्षाला करतोय. रगताची एकदा बी केली न्हाई."

त्या रात्री घरी आल्यावर आम्ही स्वतः काट्यावर उभे राहिलो. उंची पाच फूट सहा इंच आणि वजन ८४ किलो. पदविका घेऊन नोकरीस लागलो तेव्हा ६२ होते. वीस वर्षांत बावीस किलो वाढले, आणि त्यांतला एकही किलो आमच्या ध्यानात आला नाही. सभासदाच्या ट्रॉलीत पन्नास किलोचा फरक पडला तर काट्यावर कालवा होतो!

वजन वाढले कसे

याचे उत्तर आपणा सर्वांस ठाऊक आहे. पूर्वी रात्रीचे बारे धरावयाचे म्हणजे कंदील घेऊन चार तास सरीतून चालणे होते. आज ठिबकाचे व्हॉल्व्ह फिरविले की झाले, आणि मोटार तर घरात बसून मोबाईलवर चालू होते. भरणी-बांधणीला पॉवर टिलर आला, मळ्यात जावयाचे ते मोटारसायकलवर. ही प्रगतीच आहे, तिला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण ताट मात्र बारे धरणाऱ्या माणसाचेच राहिले. तीन भाकरी, वर भाताचा डोंगर, आणि दिवसभरात जो भेटेल त्याच्याबरोबर चहा. इंजिन बंद आणि डिझेल चालू, अशी आपली गत झाली आहे.

चहावरून एक अवघड गोष्ट बोलावयास हवी. आम्ही साखर कारखान्याचा पगार घेतो, आणि आपण त्याचे मालक आहात. सवलतीच्या दराची साखर प्रत्येक सभासदाच्या घरी येते आणि ती संपवायची असते, अशी आपल्याकडे जणू रीतच आहे. दिवसाला पाच कप चहा आणि कपाला दोन चमचे धरले तर पन्नास ग्रॅम साखर झाली. म्हणजे दोनशे कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे की, वरून घातलेली साखर एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत असल्यास अधिक चांगले. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसास हे दहा टक्के म्हणजे बरोबर पन्नास ग्रॅम. आपला सारा कोटा चहातच संपला; दिवाळीचा लाडू आणि लग्नातली जिलेबी अजून बाहेरच उभी आहे.

"साखर कमी खा म्हणून कारखान्याच्या अंकात छापणार का?" असे एका सहकाऱ्याने विचारले. का छापू नये? देशात वर्षाला २८० लाख टनांच्या आसपास साखर खपते, आणि तिचा मोठा हिस्सा मिठाई, बिस्किटे आणि शीतपेये करणारे उचलतात. आपल्या चहातला एक चमचा कमी झाल्याने पोती गोदामात पडून राहणार नाहीत. सभासदाची बोटे गेली तर मात्र त्याचा ऊस कोण लावणार, हा प्रश्न आहे. आणि साखरेऐवजी गूळ घेतला म्हणजे सुटलो, ही समजूतही सोडावी. वजनाच्या हिशेबात गूळ आणि साखर जवळजवळ सारखेच. काकवीचेही तेच.

आधी माप घ्यावे

वजन योग्य आहे की नाही हे पाहण्याचे साधे गणित असे. किलोमधील वजनास मीटरमधील उंचीने दोनदा भागावे. आमचे ८४ किलो आणि १.६८ मीटर, ८४ भागिले १.६८ म्हणजे ५०, पुन्हा १.६८ ने भागले म्हणजे जवळजवळ ३०. यास बी.एम.आय. म्हणतात. आपल्या भारतीय लोकांसाठी डॉक्टर मंडळींनी जी मापे ठरविली आहेत त्यांत २३ च्या वर गेले की वजन जास्त, आणि २५ च्या वर लठ्ठपणा. गोऱ्या लोकांसाठी ही मापे २५ आणि ३० अशी आहेत. आपल्याकडे ती खाली धरण्याचे कारण असे की, आपल्या लोकांत तेवढ्याच वजनाला पोटावरची चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो.

म्हणून कंबरेचे माप अधिक महत्त्वाचे. शिंप्याची टेप घ्यावी, श्वास न रोखता, पोट आत न ओढता (हे सांगावे लागते!) मोजावे. पुरुषास ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांस ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, याच्या वर गेले की सावध व्हावे. हातपाय काटकुळे आणि पुढे पोट, अशी पुष्कळ मंडळी आपल्या वार्षिक सभेत पहिल्या रांगेत असतात. त्यांना कोणी लठ्ठ म्हणत नाही, पण धोका त्यांनाही आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत वीस वर्षांवरील माणसांत मधुमेह ११.४ टक्के, मधुमेहाच्या काठावर असलेले १५.३ टक्के, आणि पोट सुटलेले ३९.५ टक्के आढळले. म्हणजे शंभर सभासदांची सभा भरली तर चाळिसांची कंबर मापाबाहेर.

मोबाईलमधला मार्गदर्शक करतो काय

आता साधनांकडे वळू. या साधनांत नवे असे फारसे काही नाही. आमचा गट ओव्हरसिअर जे उसाचे करतो तेच हे माणसाचे करतात. प्रथम उद्दिष्ट ठरवून घेतात. मग रोज काय खाल्ले, किती चालले, वजन किती, याची नोंद मागतात. नोंदीवरून कुठे चुकते ते सांगतात, विसरले तर आठवण देतात. काहींच्या मागे खरा आहारतज्ज्ञ बसलेला असतो, तो आठवड्यातून एकदा फोन करतो किंवा लिहून कळवितो. काहींत संगणकच माणसासारखा बोलतो. आपल्याकडे ऊसशेतीत हे येऊन पोहोचलेच आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ऊस घेण्याचे प्रयोग केले, त्यांत उपग्रह आणि जमिनीतील यंत्रांच्या नोंदींवरून शेतकऱ्याच्या मोबाईलवर पाण्याचा आणि खताचा सल्ला जातो. उसाला चालते तर माणसाला का चालू नये, एवढाच मुद्दा.

पण यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा? अमेरिकेत मधुमेहाच्या काठावरील ३,२३४ लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. एका गटास सोळा धड्यांची शिकवणी आणि पाठीशी एक मार्गदर्शक दिला. उद्दिष्ट दोनच, शरीराचे वजन सात टक्के उतरविणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे. या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिनची गोळी दिलेल्या गटात ते ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे शिकवणी गोळीपेक्षा सरस ठरली. आमच्यापुरते सांगावयाचे तर ८४ किलोचे सात टक्के म्हणजे सहा किलो. ८४ वरून पुन्हा ६२ वर जावयाचे नाही, ७८ वर आले तरी पुष्कळ. हे कळल्यावर आमच्या जिवात जीव आला.

अडचण अशी की प्रत्येक गावात सोळा आठवडे माणूस पाठवावयाचा कोठून? म्हणून हीच शिकवणी फोनवरून आणि संगणकावरून देण्याचे प्रयत्न सुरू झाले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने २०२१ साली लठ्ठपणाबरोबर मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या लोकांसाठी बारा आठवड्यांचा असा कार्यक्रम मोफत सुरू केला.

आपल्या देशातलाच एक प्रयोग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या काठावर असलेले ५३७ नोकरदार पुरुष घेतले. सर्वांना सुरुवातीस एकदा समजावून सांगितले. त्यांपैकी निम्म्यांना दोन वर्षे साध्या मोबाईलवर छोटे छोटे संदेश पाठविले: काय खावे, किती चालावे, असे. २०१३ साली निष्कर्ष छापून आले. संदेश न मिळालेल्यांत २७ टक्के लोकांना मधुमेह झाला, संदेश मिळालेल्यांत १८ टक्के. ना घड्याळ, ना महागडा फोन. बटणांच्या फोनवरही येतो तो संदेश. आपल्या तोडणीच्या स्लिपचा संदेश येतो ना, तसाच. संदेश मिळणाऱ्यांनी जेवणाचा नियम जास्त पाळला, असेही त्यांत दिसून आले. कोणी आपली विचारपूस करते आहे, एवढ्यानेही माणूस ताटातला दुसरा भात नको म्हणतो, असा आमचा तर्क आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. हाताला बांधावयाची पट्टी, जी पावले मोजते, ती घेतली म्हणजे वजन उतरते असा पुष्कळांचा समज आहे. मुलाने पुण्याहून पाठविली, वडिलांनी बांधली, झाले. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे १८ ते ३५ वयाच्या ४७१ जणांवर याचा प्रयोग झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना आहार-व्यायामाचे मार्गदर्शन होते. एका गटास सहा महिन्यांनंतर वर ही पट्टीही दिली. दोन वर्षांअखेर पट्टी बांधलेल्यांचे वजन सरासरी साडेतीन किलोने उतरले, आणि पट्टी नसलेल्यांचे जवळजवळ सहा किलोने! हे वाचून आम्हांस आपल्या हँड रिफ्रॅक्टोमीटरची आठवण झाली. ते काचेचे यंत्र ऊस गोड करीत नाही; ब्रिक्स किती आला तेवढे दाखविते. पुढे तोड केव्हा घ्यावयाची हे माणसाने ठरवावयाचे असते.

आमचा सहा महिन्यांचा अनुभव

आम्ही मोबाईलवर एक ॲप घेतले. नाव देत नाही, कारण जाहिरात करावयाची नाही. (हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०१८ साली 'न्यूट्रिफाय इंडिया नाऊ' नावाचे ॲप काढले होते, त्यात आपल्या खाद्यपदार्थांची माहिती आहे.) पहिल्याच दिवशी आमच्या ॲपने नाश्त्यास ॲव्होकाडो आणि किन्वा सुचविला. सौभाग्यवतींनी विचारले, "ह्यो किन्वा कुठल्या दुकानात मिळतो?" आम्ही फोन ठेवून दिला आणि पिठलं-भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मात्र पिठलं-भाकरीच नोंदवावयास बसलो. ॲपने एका भाकरीला सव्वाशे कॅलरी धरल्या. आम्हांस शंका आली. घरातल्या छोट्या काट्यावर भाकरीचे कोरडे पीठ वजन केले, ते भरले नव्वद ग्रॅम. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात ३४० च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे आमची एक भाकरी तीनशेच्या वर गेली. ॲपमधली भाकरी शहरातल्या बशीच्या मापाची, आमची परातीच्या मापाची. तीन भाकऱ्यांत पाचशे कॅलरींची तूट पडली, आणि आम्ही आपले ॲपच्या हिशेबात उपाशी! याचा अर्थ ॲप खोटे असा नाही. काटा कारखान्याचा असो की मोबाईलचा, एकदा तपासून घ्यावा लागतो. एकदाच भाकरीचे पीठ, भाताची वाटी आणि तेलाची पळी मोजून ठेवा. मग पुढे अंदाज बरोबर येतो. शेंगदाण्याची मूठ मोजलीत तर डोळे उघडतील. तीस ग्रॅमची एक मूठ म्हणजे १७० कॅलरी. शेंगदाणे वाईट नाहीत, उत्तम आहेत, पण टी.व्ही. बघत आपण तीन मुठी खातो.

मोजमापाचा कंटाळा पंधरा दिवसांत येतो. आम्हांसही आला. ज्याला फोनवर लिहिणे जमत नाही त्याने चाळीस पानी वही घ्यावी, त्यात काहीही कमी नाही. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आठवड्याचे बहुतेक दिवस खाण्याची टिपणे ठेवणाऱ्यांचे वजन, टिपणे न ठेवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट उतरले होते. टिपणे कागदावर की काचेवर, यास महत्त्व नाही. लिहावयाचे आहे म्हटल्यावर तिसरा भजी-प्लेट मागवताना हात थांबतो. आणि खोटे लिहिले तर कोणास फसवितो? मस्टरवर खोटी हजेरी लावणाऱ्या मुकादमासारखे होईल ते, फक्त इथे मालक आणि मुकादम एकच.

वजनाविषयी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुष्कळ लोक इथेच सोडून देतात. रोजचे वजन एक-दोन किलोने खालीवर होतेच. जत्रेचे खारट-तिखट खाल्ले की दुसऱ्या दिवशी अंगात पाणी धरते, काटा दीड किलो जास्त दाखवितो. ती चरबी नव्हे. एक दिवस उपास केला की दीड किलो कमी, तेही पाणीच. पावसात भिजलेल्या एका खेपेवरून आपण प्लॉटचे टनेज ठरवीत नाही, सगळ्या खेपांची बेरीज करतो. तसेच सकाळी उठल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच कपड्यांवर वजन करावे आणि आठवड्याची सरासरी पाहावी. चांगली ॲप ही सरासरीची रेघ स्वतः काढून दाखवितात, हा त्यांचा मोठा उपयोग. महिन्यास एक ते दोन किलो उतरले तर ती उत्तम गती समजावी. "महिन्यात दहा किलो" म्हणणाऱ्याच्या वाऱ्यासही उभे राहू नये.

चालण्याचे म्हणाल तर दहा हजार पावलांचा आकडा ही काही वेदवाणी नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विकण्यास आले, त्याच्या नावातच दहा हजार पावले होती, तेथून तो आकडा जगभर पसरला. अलीकडच्या अभ्यासांत सात हजारांपर्यंतही चांगला फायदा दिसतो. आमचा हिशेब मळ्यातला आहे. चौकोनी एक एकराच्या बांधावरून एक फेरी म्हणजे सुमारे अडीचशे मीटर. बारा फेऱ्या झाल्या की तीन किलोमीटर, चार हजारांवर पावले झाली. गाडी बांधाला लावून फोन न बघता फिरावे. हुमणीने वाळलेली बेटे, गळके ठिबक, शेजाऱ्याची वळू लागलेली सरी, सगळे दिसते. आमच्या एका सभासदास या फेऱ्यांत लोकरी मावा वेळेत सापडला, आणि तेव्हापासून तो आम्हांस वजनापेक्षा माव्याबद्दलच दुवा देतो.

हे एकट्याने फार दिवस चालत नाही. म्हणून गटातील काही मंडळींनी व्हॉट्सॲपवर एक समूह केला. दर सोमवारी सकाळी फक्त वजनाचा आकडा टाकावयाचा, बाकी गुड मॉर्निंग आणि राजकारण बंद. महिन्याभरात निम्मे गळाले, हे प्रामाणिकपणे सांगतो. जे राहिले त्यांत दोघे असे आहेत की ज्यांना ॲप उघडताही येत नाही. नातू आकडा टाकतो. पण सोमवारी आकडा द्यावयाचा म्हणून रविवारच्या ढाब्यावर ते जरा हात आखडता घेतात. आमचे स्वतःचे वजन सहा महिन्यांत ८४ वरून ७९ वर आले. मध्ये लग्नसराईत दोन किलो परत चढले होते. त्या वेळी आकडा टाकावयाची लाज वाटली, पण टाकला. तात्या म्हणून एक ज्येष्ठ सभासद आहेत, त्यांनी खाली लिहिले, "खोडवा बी कधी कधी उशिरा फुटतो, साहेब." बस्स, एवढ्यानेच पुन्हा लागलो.

भगिनींसाठी, आणि काही सावधगिरी

आपल्या घरांतल्या स्त्रियांचा विचार या बाबतीत मागे पडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात २४ टक्के स्त्रियांचे वजन जास्त आहे, पुरुषांपेक्षा किंचित अधिकच. त्याच पाहणीत ग्रामीण भागातील निम्म्याहून कमी, ४६.६ टक्के, स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. मग हा डिजिटल मार्गदर्शक त्यांच्यापर्यंत पोहोचावयाचा कसा? फोन मालकाच्या खिशात आणि काटा कपाटावर. सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेला भात टाकवत नाही म्हणून त्या खातात, आणि वजन वाढले की बोलणीही त्याच खातात. भाकरी लहान करावयाची की नाही हे ज्या घरात ठरते, तिथे ॲप त्यांच्या हाती असले पाहिजे. वहिनींना, काकींना चालावयास जोडीदारीण लागते, आणि रस्त्यावरून चालल्या की लोक विचारतात, "कुठं निघाला?" दोघी-चौघी मिळून निघाल्या की कोणी विचारीत नाही.

येथे हेही नमूद करतो की, हा लेख आपल्या फडावर येणाऱ्या तोडणी मजुरांसाठी नाही. त्यांचे दुखणे उलट आहे. अंगावर मांस नाही आणि काम बारा तास. त्यांच्याविषयी स्वतंत्र लिहावे लागेल, आणि ते आपणच लिहावयास हवे.

आता सावधगिरी. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी ॲपच्या सांगण्यावरून जेवण तोडू नये. गोळी तीच आणि जेवण निम्मे झाले की रक्तातली साखर एकदम खाली जाते; दरदरून घाम, हातापायास कंप, प्रसंगी बेशुद्धी. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर ताबडतोब साखरच द्यावी लागते. डॉक्टरांना आधी सांगावे, ते गोळीचे माप बदलतील. गरोदर स्त्रिया, वाढीची मुले, आणि मुळातच वजन घटत चाललेली वृद्ध मंडळी यांनी हे ॲप वापरू नये. काही न करता वजन उतरत असेल तर ती आनंदाची गोष्ट नव्हे, तपासणीची आहे. वजन उतरविण्याची नवी इंजेक्शने २०२५ साली आपल्या देशातही विक्रीस आली. ती डॉक्टरांनी दिली तरच आणि त्यांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची आहेत. मोबाईलवरील जाहिरात बघून नव्हे.

ॲप फुकट असले तरी ते काहीतरी घेतेच. आपले वजन, आजार, औषधे ही माहिती कोणाकडे जाते ते पाहावे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा आपल्या संसदेने २०२३ साली केला आहे, पण कायदा आहे म्हणून गोठ्याचे दार उघडे टाकून आपण झोपत नाही. आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, ओ.टी.पी. यांतले काहीही वजन उतरविण्यास लागत नाही. जे ॲप ते मागेल ते काढून टाकावे. 'पहिला महिना मोफत' असे लिहिलेले असते तिथे दुसऱ्या महिन्यापासून खात्यातून आपोआप पैसे कापले जातात. आमच्याच एका सहकाऱ्याचे तीन महिने कापले गेले, आणि त्यांनी ॲप दुसऱ्या दिवसानंतर उघडलेही नव्हते. संगणक माणसासारखा गोड बोलतो म्हणून तो डॉक्टर होत नाही. छातीत दुखते, पायाची जखम भरत नाही, असले प्रश्न त्यास विचारून त्यावर बसू नये.

कार्यकारी संचालकांच्या संमतीने प्रत्येक गट ऑफिसात एक वजनकाटा आणि शिंप्याची टेप ठेवली आहे. उसाची नोंद करावयास याल तेव्हा दोन मिनिटे वेळ काढावा. आकडा विचारणार नाही, आपण आपल्या वहीत लिहून घ्यावा. भिंतीवर उंचीची पट्टी मारली आहे, आणि उंचीप्रमाणे वजनाचे कोष्टक शेजारी लावले आहे. ज्यांना ॲप घेऊन भाकरीचे, भाताचे माप बसवून घ्यावयाचे असेल त्यांनी गट ओव्हरसिअरांस भेटावे. येताना घरची एक भाकरी बरोबर आणावी.

ज्या सभासदांपासून हे सारे सुरू झाले ते समूहात आहेत. सोमवारी त्यांचा आकडा ८७ होता. खोडव्यात ते आता गमबूट घालून उतरतात आणि संध्याकाळी सून त्यांचे तळपाय बॅटरीच्या उजेडात पाहते. चहा अर्धा चमचा.

पुढील अंकात आडसाली लागणीसाठी बेणे मळ्यातील बेण्याची मागणी कशी नोंदवावयाची, याची माहिती देऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी